मुलांच्या श्वासाकडे कोण पाहणार?

शाळेच्या कोणत्याही वर्गात एखादे तरी मूल असे आढळते की, ज्याचे तोंड सदैव अर्धवट उघडे असते. दुपारच्या तासाला ते पेंगते, विचारलेला प्रश्न त्याला दुसऱ्यांदा विचारावा लागतो, आणि शिक्षक त्याची गणना मठ्ठांत करून मोकळे होतात. घरी आई सांगते की, रात्री हे मूल मोठ्या माणसासारखे घोरते. पुढे त्याचे वरचे दात बाहेर डोकावू लागले म्हणजे सर्वांचे लक्ष तिकडे जाते. ती मुलगी असली तर लग्नाच्या काळजीने घर हवालदिल होते. दात दिसतात, श्वास दिसत नाही, हे त्याचे साधे कारण होय. वस्तुतः तपासणीचा आरंभ श्वासापासून व्हावयास हवा.

वेडेवाकडे दात सरळ करणारे ऑर्थोडॉन्टिक्स हे शास्त्र केवळ सौंदर्याचे आहे, हा आपल्याकडील रूढ समज. परंतु दातांचे स्थान जबड्याच्या वाढीवर अवलंबून असते आणि ही वाढ म्हणजे हाडाची सततची घडामोड असते. हे ज्ञान माणसाला झाले तेही मोठ्या गमतीने. लंडनच्या जॉन बेल्चियर या शल्यविशारदाला १७३६ च्या सुमारास एका रंगाऱ्याकडे तांबड्या हाडांचे डुकराचे मांस आढळले. आपल्याकडील मंजिष्ठेच्याच कुळातील एका वनस्पतीच्या मुळांचा रंग त्या जनावरांच्या खाण्यात आला होता. जेथे नवे हाड तयार होते तेथेच हा रंग बसतो, हे त्यावरून कळले. जॉन हंटर यांनी पुढे दाखविले की, खालचा जबडा चोहोबाजूंनी सारखा फुगत नाही; त्याच्या मागच्या कडेवर हाड चढते, पुढच्या कडेवरचे झिजते, आणि त्यातून दाढांना जागा होते. वरचा जबडा मात्र मुख्यतः शिवणींच्या जागी वाढतो. टाळूच्या मधोमध असलेली अशी शिवण बालपणी सैल असते आणि कुमारवय सरता सरता घट्ट होत जाते. अरुंद टाळू रुंद करण्याचा उपचार आठ-दहा वर्षांच्या मुलात सोपा आणि पंचविशीत अवघड का, याचे उत्तर या शिवणीत आहे.

हाडाला आकार कोण देते, हा त्यापुढचा प्रश्न. अमेरिकेतील मेल्विन मॉस यांनी १९६० च्या दशकात असे प्रतिपादन केले की, हाड स्वतःहून वाढत नाही. भोवतालचे स्नायू, जीभ आणि श्वासाची पोकळी यांच्या कार्यामागून ते जाते. हा सिद्धांत जसाच्या तसा सर्वांनी स्वीकारलेला नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे नाकारता येत नाही. तथापि १९७० मध्ये स्वीडनच्या लिंडर-आरोनसन यांनी नाकामागील ॲडिनॉइडची गाठ वाढलेल्या मुलांची मोजमापे घेतली, तेव्हा त्यांचा चेहरा लांबट आणि वरची दंतपंक्ती अरुंद असल्याचे आढळले. फरक सरासरीने लहान होता, पण होता. हॅरवोल्ड यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लहान माकडांची नाके बंद केली असता त्यांच्या जबड्यांत बदल झाले. मात्र ते सर्वांत एकाच तऱ्हेचे नव्हते. तात्पर्य, तोंडाने श्वास घेतल्याने अमुकच चेहरा घडतो असे म्हणणे चुकीचे, आणि काहीच घडत नाही असे म्हणणेही तितकेच चुकीचे.

हा सारा ऊहापोह गोंदिया जिल्ह्यासाठी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर रक्तात आहे. सिकलसेलचा आजार पूर्व विदर्भाला नवा नाही, आणि त्याच्या उच्चाटनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे. या आजारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात. त्यांची भरपाई करण्यासाठी हाडांतील मज्जेला जादा काम करावे लागते. मज्जेच्या पोकळ्या रुंदावतात आणि काही रुग्णांत त्यामुळे वरचा जबडाच पुढे येतो. यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. रक्तातील प्राणवायू कमी झाला की या पेशी विळ्याचा आकार घेतात. टॉन्सिल आणि ॲडिनॉइड वाढल्यामुळे झोपेत ज्याचा श्वास पुनःपुन्हा अडतो, अशा मुलाचा प्राणवायू रात्रीच उतरतो. इतर मुलाच्या बाबतीत घोरणे हा चिंतेचा विषय असेल. सिकलसेलग्रस्त मुलाच्या बाबतीत तो धोक्याचा इशारा आहे. देवरी, सालेकसा वा अर्जुनी मोरगावच्या पाड्यावरील आईला हे कोणी सांगितले आहे काय?

येथे अतिरेकही टाळावयास हवा. घोरणाऱ्या प्रत्येक मुलावर शस्त्रक्रिया करा, असे कोणी म्हणत नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांचा अभ्यास झाला. सिकलसेल नसलेल्या या मुलांपैकी ज्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांतील ७९ टक्क्यांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी सुरळीत आली; पण नुसते निरीक्षणाखाली ठेवलेल्यांतही ४६ टक्क्यांची ती सुरळीत झाली. शस्त्रक्रियेने वागणूक आणि लक्षणे सुधारली, तरी अवधानाच्या चाचणीतील गुण लक्षणीय वाढले नाहीत. म्हणजे निर्णय तज्ज्ञाचा. आपले काम मूल तज्ज्ञापर्यंत पोहोचविण्याचे. दातांना तारा लावल्या की घोरणे थांबेल किंवा जीभ टाळूला चिकटवून ठेवली की जबडा पालटेल, असे हल्ली भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून ठासून सांगितले जाते. अशा दाव्यांना पुरेसा आधार नाही, हे पालकांनी ओळखून असावे.

मग करावयाचे काय? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी याच राज्यात, पालघर येथे झाला. त्याची फिरती पथके वर्षातून एकदा शाळांत येतात. दुभंगलेले ओठ व टाळू, रक्तक्षय, मुडदूस, दातांचे विकार हे त्यांच्या तपासणीत आहेतच. तीन साधे प्रश्न त्यांनी प्रत्येक मुलाबाबत नेमाने विचारावेत: मूल रात्री घोरते काय? झोपेत त्याचा श्वास अडतो काय? दिवसा तोंड मिटून त्याला श्वास घेता येतो काय? यास ना यंत्र लागते ना निधी. यांचे पहिले उत्तर शिक्षकाजवळच असते, कारण पेंगणारे मूल तो रोज पाहतो. ज्या मुलाच्या पत्रकावर सिकलसेलची नोंद आहे, त्याच्याबाबत तर हे प्रश्न टाळताच कामा नये.

दुसरी गोष्ट अंतराची. २०१६ पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यामुळे नाक-घशाच्या तपासणीची वाट जिल्ह्यातच उपलब्ध आहे. दंतोपचाराचे तसे नाही. विदर्भातील शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे ते नागपुरात, गोंदियाहून लोहमार्गाने सुमारे १३० किलोमीटरवर. जबड्याचा वा दातांचा उपचार सुमारे दोन वर्षे चालतो आणि साधारण दर महिन्याला हजेरी लागते. वीस-बावीस वेळा रोजी बुडवून, मुलाची शाळा बुडवून नागपूर गाठणे कोणत्या मजुराला परवडेल? त्या महाविद्यालयाचे एक पथक महिन्यातून एक दिवस गोंदियास आले, तर वीस खेपा तज्ज्ञांच्या होतील, गरिबाच्या नव्हेत. शासनाच्या मनात आले तर हे अशक्य नाही.

माणसांची नाके मोजण्याचा उद्योग या देशात पूर्वीही झाला. १८९० च्या आसपास रिस्ले यांनी नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड लावली. त्या मोजमापाने एकाही मुलाचा श्वास मोकळा झाला नाही. आज शास्त्राच्या हाती अधिक चांगली मापे आहेत आणि ती मुलाच्या कल्याणासाठी वापरता येतात. टाळूची शिवण मात्र कोणाच्या मंजुरीची वाट पाहत थांबत नाही; शासकीय पत्रव्यवहार चालू असताना ती घट्ट होत जाते. वर्गातल्या त्या पेंगणाऱ्या मुलाला मठ्ठ म्हणण्यापूर्वी त्याला नीट श्वास घेता येतो की नाही, एवढे तरी आपण पाहावे.