सुटीचा बेत व समुद्रांतील बेट

युरोपाच्या उत्तरेकडील थंड देशांतील लोक उन्हाळ्याच्या सुटींत भूमध्य समुद्रांतील माल्टा, सायप्रस, मायोर्का अशा बेटांवर जातात, आणि त्या प्रवासाचा बेत पुष्कळ जण ऐन हिवाळ्यांतच ठरवून ठेवतात, हें आमच्या वाचकांच्या कानांवर आलें असेल. ते जे पैसे मोजतात ते मुख्यतः उन्हासाठीं! आम्हां सोलापूरकरांस हें ऐकून हसूं येतें. कारण ऊन ही एकच वस्तु अशी कीं जी आम्हांस कधीं विकत घ्यावी लागली नाहीं. तथापि त्या लोकांची एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाहीं, आणि ती म्हणजे त्यांची आगाऊ योजना. आमच्याकडे परीक्षा संपते, निकाल लागतो, पारा ४० अंशांच्या वर चढतो, आणि मग एके रात्रीं जेवतां जेवतां कोणीतरी विचारतें, “यंदा कोठें जायचें?” तोंपर्यंत गाडींत जागा उरलेली नसते, हातांत पैसा उरलेला नसतो, आणि सुटीही निम्मी सरलेली असते.

बेत आंखून प्रवास करणें हें श्रीमंतांचें काम, असा समज कित्येक पालकांचा आहे. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. श्रीमंताचा बेत चुकला तर तो दुसरें तिकीट काढतो, दुसरी खोली पाहतो. परंतु ज्या घरांत वडील यंत्रमागावर राबतात आणि आई विड्या वळते, त्या घरास आठ महिने आधीं विचार केल्यावांचून समुद्र दिसणें कठीण. आगाऊ योजना ही खरी गरज आहे ती अशाच घरांची. दररोज १० रुपये डब्यांत टाकण्याचा नेम १ ऑक्टोबरपासून ३० एप्रिलपर्यंत पाळला, तर २१२ दिवसांत २,१२० रुपये जमतात. हा हिशेब चौथ्या इयत्तेंतील मूलही करूं शकेल. नेम पाळणें मात्र मोठ्यांसही जड जातें.

आमच्या मुलांस बेट पाहावयाचें तर भूमध्य समुद्रापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे नांवाचें बेट आहे आणि त्यावर सिंधुदुर्ग उभा आहे. शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं त्याचा पाया घातला व सुमारें तीन वर्षांत किल्ला पुरा झाला. चोहोंकडे खारें पाणी, आणि आंत दूधबाव, साखरबाव व दहीबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी! ज्या मुलांनीं सिद्धेश्वराचा तलाव, हिप्परग्याचा तलाव, आणि फार झालें तर उजनीचा जलाशय एवढेंच पाणी पाहिलें आहे, जीं उन्हाळ्यांत नळाच्या पाण्याचा वार मोजीत बसतात, त्यांनीं त्या विहिरींत एकदां डोकावून पाहावें असें आम्हांस फार वाटतें. भूगोलाच्या पुस्तकांत वाचलेला समुद्र आणि पायांखालून वाळू ओढून नेणारा समुद्र यांत फार अंतर आहे.

सोलापूरहून मालवण सुमारें ४०० किलोमीटर. सांगोला, मिरज, कोल्हापूर असें जाऊन घाट उतरावयाचा. एस्. टी. च्या मोटारींत २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांस अर्धें भाडें पडतें. ५ ते १२ वर्षांच्या मुलांस अर्धें तिकीट पूर्वींपासूनच आहे. आणि ७५ वर्षें ओलांडलेल्या आजीस तर २०२२ पासून भाडेंच नाहीं. म्हणजे आजीला घरीं ठेवून जाण्याची सबब राहिली नाहीं! रेल्वेनें जाणारांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधीं खुलें होतें. मे महिन्याच्या आरंभीं निघावयाचें तर मार्चच्या आरंभीं तिकीट काढलें पाहिजे. मार्च हा परीक्षेच्या धांदलीचा महिना. सबब गड्ड्याची यात्रा आटोपली कीं त्याच आठवड्यांत घरच्यांनीं एकत्र बसून दिवस ठरवावा, हें उत्तम.

दिवस कोणता, याला आम्ही सर्वांत अधिक महत्त्व देतों. आमच्या विद्यार्थ्यांस पौलाच्या जलप्रवासाची कथा ठाऊक आहे. ऋतु टळून गेला होता. क्रेत बेटाच्या बंदरांतच थांबावें असें त्यानें सांगितलें. पण हिवाळा काढण्यास तें बंदर सोयीचें नाहीं म्हणून तांडेल व जहाजाचा मालक यांनीं पुढें जाण्याचा आग्रह धरला. चौदा रात्रीं वादळांत हेलकावे खाऊन तें जहाज माल्टा बेटापाशीं फुटलें. २७६ माणसें वांचलीं, जहाज मात्र गेलें. ऋतूचा हिशेब आमच्या किनाऱ्यावरही तितकाच कडक आहे. पावसाळ्यांत सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. मुंबईस मोसमी पाऊस एरवीं ११ जूनच्या सुमारास पोंचतो, तो २०२५ सालीं २६ मे रोजींच येऊन थडकला! मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यावर भिस्त ठेवणारांनीं हें विसरूं नये. २० मेच्या आंत घरीं परतावें. आणखी एक गोष्ट पालकांस स्पष्टपणें सांगितली पाहिजे. २०२२ सालच्या मे महिन्यांत तारकर्लीनजीक पर्यटकांची नौका उलटून दोघांचा अंत झाला. आमच्या बहुतेक मुलांस पोहतां येत नाहीं. तेव्हां होडींत पाय ठेवण्यापूर्वीं तरंगण्याचें जाकीट अंगांत असलेंच पाहिजे, आणि नावाडी “आज नको” म्हणाला तर हट्ट धरूं नये.

शिदोरीविषयीं सोलापूरकरांस आम्हीं काय सांगावें? कडक भाकरी व शेंगांची चटणी यांसारखी टिकाऊ शिदोरी दुसरीकडे क्वचितच मिळेल. मात्र ती कोण करणार, हाही बेताचाच भाग आहे. पुष्कळ घरांत सुटी म्हणजे सर्वांस विश्रांति आणि आईस दुप्पट काम, असा प्रकार आम्हीं पाहिला आहे. भाकऱ्या थापण्यास मुलग्यांनींही बसावें, आणि मालवणास पोंचल्यावर दोन वेळां तरी घरगुती खानावळींत जेवण्याचा खर्च हिशेबाच्या वहींत आधींच मांडून ठेवावा. माशांचें कालवण ज्यांस चालत नाहीं त्यांस तेथें फणस, करवंदें व सोलकढी यांची वाण नाहीं.

ज्यांचा हिशेब यंदा जुळणार नाहीं अशीं घरेंही आहेत, हें आम्ही जाणतों. त्यांनीं डबा फोडूं नये. तो तसाच पुढील वर्षावर न्यावा. तोंवर नळदुर्ग जवळ आहे. पावसाळ्यांत बोरी नदीस पूर आला कीं किल्ल्यांतील पाणीमहालाच्या भिंतीवरून पाणी कोसळूं लागतें. सकाळच्या मोटारीनें निघालें तर तें पाहून दिवेलागणीस घरीं परततां येतें.