अंगणवाडी आपल्या वस्तीत का नाही?

‘अंगणवाडी गावात, मधे हायवे. पोराला सोडायला-आणायला गेलं की अर्धा रोज बुडतो.’ बौद्ध वस्त्यांत पालकांकडून आम्ही हे वारंवार ऐकतो. मग मूल घरीच राहते. गरम आहार आणि शिक्षण, दोन्ही हुकते.

सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या वस्तीत अंगणवाडी नसेल, तर मागणीपासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य आहे. सभामंडपासाठी आम्ही कितीतरी निवेदने दिली. यासाठी एकही नाही! सेविकेवर राग काढून उपयोग नाही, तिला सरकार अजून ‘मानसेवी’च म्हणते. मुलांची यादी करून ग्रामसभेत लेखी मागणी करू. जागेची अडचण सांगितली, तर सकाळी विहार रिकामाच असतो.