इंजिन ज्याचे, लगाम त्याचा



हापूसला मोहोर आला, तुडतुडा पडला आणि पंपाचा एक वॉशर मिळेना, तर नवा कोरा पंपही पडवीत पडून राहतो. लढाऊ विमानांचेही तसेच आहे.

हृषीकेश मुळगावकर १९७६ ते १९७८ या काळात हवाई दलप्रमुख होते. तेव्हा ब्रिटन-फ्रान्सचे जग्वार, फ्रान्सचे मिराज आणि स्वीडनचे व्हिगेन यांतून एक विमान निवडायचे होते. व्हिगेनच्या इंजिनाची मूळ रचना अमेरिकेची. १९७८ साली अमेरिकेने नकार दिला आणि स्वीडनची इच्छा असूनही व्हिगेन बाद झाले. मुळगावकर स्वतः वैमानिक. त्यांचा कौल जग्वारला होता. १९७९ पासून जग्वार आपल्याकडे आली.

तेजसचे पाहा. २०२१ साली ८३ विमानांची मागणी नोंदली. बांधणी आपली, इंजिन अमेरिकेचे. इंजिने उशिरा आली, विमाने रखडली. फेब्रुवारी २०२५ मध्ये हवाई दलप्रमुख अमरप्रीत सिंग यांनी ही नाराजी उघड बोलून दाखवली. पुढे १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळ ओझरला बांधलेले पहिले नवे तेजस उडाले, एवढा दिलासा.

म्हणून जगातली भांडणे वैमानिक वेगळ्या नजरेने पाहतो. उद्या सुटे भाग कोण देईल, हा त्याचा पहिला प्रश्न. विमानात बसणारा पोरगा आपल्यासारख्याच घरातला असतो. तेव्हा नव्या विमानाची बातमी वाचाल, तर किंमत पाहालच. इंजिन कोणाचे, तेही विचारा.