शिकवल्याशिवाय सिग्नल देत नाहीत, मग वसतिगृह कसे देता?



मानेसरचे नाव आपल्याला मारुतीमुळे ठाऊक आहे. दिल्ली-जयपूर रस्त्यावरच्या या औद्योगिक नगरीत १८ जुलै २०१२ रोजी सकाळी मारुती सुझुकीच्या कारखान्यात एक कामगार आणि सुपरवायझर यांची बोलाचाली झाली. सुपरवायझरने जातीवरून शिवी दिली, असे युनियनचे म्हणणे. कंपनीचे म्हणणे वेगळे. निलंबित झाला तो कामगार. संध्याकाळी जाळपोळ झाली आणि महाव्यवस्थापक अवनीशकुमार देव यांचा मृत्यू झाला. त्याचे समर्थन आम्ही कदापि करणार नाही. पण त्यापुढे काय झाले? ५४६ कायम कामगारांना घरी बसवले. १४८ जणांवर खटला चालला. २०१७ साली त्यांपैकी ११७ जण निर्दोष सुटले, ३१ दोषी ठरले आणि १३ जणांना जन्मठेप झाली. निर्दोष ठरलेल्यांची तुरुंगात गेलेली वर्षे त्यांना कोण परत देणार?

आमचा सवाल त्या सकाळबद्दल आहे. जातीच्या अपमानाची तक्रार पुढ्यात आली की ती कशी ऐकायची, दोन्ही बाजू कशा नोंदवायच्या, कोणावर लगेच कारवाई करायची नाही, हे सुपरवायझर-मॅनेजर मंडळींना कोणी शिकवले असते काय? ही मंडळी येतात कॉलेजातून. म्हणून कारखान्याचा प्रश्न कॉलेजच्या वसतिगृहापर्यंत जाऊन पोचतो.

कंपन्यांचा कारभार कसा करावा याचे धडे देणारी केंद्र सरकारची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्स ही संस्था याच मानेसरला आहे. कंपनी चालवायला शिक्षण लागते, हे सरकारला पटते. मग शेकडो मुला-मुलींचे वसतिगृह चालवायला लागत नाही काय? बहुतेक ठिकाणी रेक्टर म्हणजे वर्गावर शिकवणारा एखादा प्राध्यापक. त्याच्या हातात चावीचा जुडगा दिला की झाली नेमणूक!

आपल्या धंद्यात असे चालते का? पॉइंट्समन असो, स्टेशन मास्तर असो, भुसावळसारख्या ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकल्याशिवाय आणि परीक्षा पास झाल्याशिवाय त्याच्या हाती गाडी जात नाही. ठराविक वर्षांनी पुन्हा रिफ्रेशर. का? चूक झाली तर माणसे मरतात म्हणून. वसतिगृहातल्या चुकीनेही माणसे मरतात.

२२ मे २०१९ रोजी मुंबईत नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात डॉ. पायल तडवी हिने जीव दिला. जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलगी. वरिष्ठ विद्यार्थिनी जातीवरून छळतात, हे आधीच वरिष्ठांच्या कानावर घातले होते, असे कुटुंबाने सांगितले. कोण दोषी, हे न्यायालय ठरवील. पण मुलीने त्रास सांगितल्यानंतर पुढची पायरी कोणाची, हा प्रश्न न्यायालयाच्या निकालाने सुटणार नाही.

कोणी म्हणेल, नियम नव्हते. होते! विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष, आपल्या विदर्भातले प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ सालीच दिल्लीच्या एम्समधला जातिभेद सरकारपुढे मांडला होता. २०१२ साली आयोगाने नियम केले: प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष, भेदभावविरोधी अधिकारी, तक्रारीवर ६० दिवसांत निर्णय. म्हणजे पायल गेली तेव्हा या नियमांना सहा वर्षांहून अधिक काळ झाला होता. तिची आई आणि रोहित वेमुलाची आई २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ जानेवारी २०२६ रोजी आयोगाने नवे नियम काढले, त्यावर गदारोळ झाला आणि २९ जानेवारीला न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. नियमांवर भांडणे होत राहतील. पण चांगला नियमसुद्धा राबवायला तयार माणूस लागतो, आणि तो तयार करण्याचे काम कोणीच अंगावर घेत नाही.

काही प्राध्यापक म्हणतात, “माणुसकी काय शिकवायची असते? ती उपजत असते.” साहेब, हे माणुसकीचे नाही, कामाचे शिक्षण आहे. खोल्या वाटताना एका जातीची मुले एका मजल्यावर ढकलायची नाहीत. शिष्यवृत्तीवाल्यांची नावे वर्गात ओरडून वाचायची नाहीत. मुलीची तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे, त्याच्यासमोर तिला उभे करायचे नाही. इंग्रजी न येणाऱ्याला अडाणी समजायचे नाही. अपंग मुलाची परीक्षा तिसऱ्या मजल्यावर ठेवायची नाही. तक्रारीला तारीख-क्रमांक घालून पोच द्यायची. यातले काहीही कोणी आईच्या पोटातून शिकून येत नाही.

दुसरे म्हणतात, “असे विषय काढले की जात वाढते.” कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणि एका पंगतीत बसवले. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. जातीचा प्रश्न झाकून त्यांनी ती पंगत बसवली नव्हती. रोज उठून त्यावर काम केले होते. महाराष्ट्राला हे दिल्लीकडून शिकावे लागत नाही. विसरलो तेवढे आठवायचे आहे.

आता आपला संबंध काय, असे कोणी विचारील. ट्रॅकमनचा मुलगा, पोस्टमनची मुलगी, ग्रामीण डाक सेवकाची लेकरे आज इंजिनिअरिंगला, मेडिकलला जात आहेत. कित्येक घरांतून पहिल्यांदाच. त्यांच्या फीसाठी आपण सोसायटीचे कर्ज काढतो. ती तिथे एकटी पडतात आणि आपल्याला फोनवर “सगळे ठीक आहे” सांगतात. आपल्याकडे १९५२ पासून पीएनएम आहे. विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला की प्रशासनाला उत्तर द्यावेच लागते. आपल्या मुलांना असे टेबल कुठे आहे?

म्हणून आमची मागणी आहे:

१) रेक्टर, गृहपाल आणि विद्यार्थी विकासाचे काम पाहणारे प्राध्यापक व कर्मचारी यांना नेमणुकीआधी सामाजिक न्यायाचे सक्तीचे प्रशिक्षण द्यावे, आणि ठराविक वर्षांनी रिफ्रेशर.

२) हे काम वर्गाच्या तासांवरचे ओझे म्हणून लादू नये. त्यासाठी पूर्णवेळ, कायम जागा भराव्यात, कंत्राटी नकोत.

३) तक्रार समितीत विद्यार्थी आणि पालक यांचे प्रतिनिधी असावेत, आणि किती तक्रारी आल्या, किती निकालात निघाल्या, हे दरवर्षी फलकावर लावावे.

प्रत्येक शाखेने पुढच्या सभेत हा ठराव घ्यावा. ज्या सभासदांची मुले बाहेरगावी शिकत आहेत त्यांची यादी करावी. पदाधिकाऱ्यांनी पालकांना सोबत घेऊन कॉलेजात जावे आणि विचारावे: भेदभावाची तक्रार घेणारा अधिकारी कोण, आणि त्याला हे काम कोणी शिकवले? उत्तर लेखी मागावे. नसेल तर तसे लेखी मागावे.

कामगार एकजुटीचा विजय असो!