मधुमेह आणि आपलें ताट

भातकऱ्यांसमोर भाताविषयीं कांहीं अप्रिय बोलणें आम्हांस जड जातें. परंतु बोलणें प्राप्त आहे. मधुमेह हा बैठ्या, लठ्ठ लोकांचा रोग, ही समजूत दांडीसारख्या कष्टाळू गांवींही आतां सोडली पाहिजे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं आपली स्वतःची व एका इंग्रज सहकाऱ्याची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. पण इंग्रजाच्या अंगांत चरबी शेकडा ९.१, तर याज्ञिकांच्या अंगांत २१.२! बारीक अंगकाठीवर विसंबूं नये तें यासाठींच.

इंग्लंडांत साउथपोर्ट येथील कुटुंबवैद्य डॉ. डेव्हिड अनविन हे २०१३ पासून आपल्या रोग्यांस पिष्टमय अन्न कमी करण्यास सांगत आले. त्यांच्या हिशेबानें १५० ग्रॅम शिजलेला भात रक्तांतील साखर चढविण्यांत चार ग्रॅमच्या सुमारें दहा चमचे साखरेच्या तोडीचा आहे. हा उपाय पत्करलेल्या १८६ रोग्यांपैकीं निम्म्यांची साखर औषधावांचून ताब्यांत आली, असें त्यांनीं २०२३ सालीं नोंदविलें. अर्थात् हे रोगी स्वखुषीचे. शेजारीं तुलनेचा वाफा नव्हता. तसा वाफा २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील दुसऱ्या एका प्रयोगांत होता. तेथें आहार फार घटवून वजन उतरविलेल्यांपैकीं शेकडा ४६ जण वर्षाअखेर रोगमुक्त स्थितींत होते, नेहमींच्या उपचारावरील अवघे ४. दोन्हीकडील आहार निराळा, पण रोग मागें हटूं शकतो एवढें खरें.

मग आम्हीं काय करावें? भाताऐवजीं नाचणीची भाकरी तितकीच खाणें हा उपाय नव्हे, तीही पिष्टच. भाताची मूद लहान करून वाल, तूर, पालेभाजी व खाणाऱ्यांनीं मासळी वाढवावी. यांतलें कांहींच आपणांस परकें नाहीं. जुनाट मधुमेहानें पायाची जाणीव जाते, आणि चिखलणींत रुतलेला कांटा कळतच नाहीं. पुढें जखम चिघळून पाय गमावण्याची पाळी येते. शेतकऱ्यास याहून मोठें नुकसान तें कोणतें?

मात्र इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यानें वैद्यास न विचारतां भात तोडूं नये. साखर एकाएकीं घसरून जिवावर बेतूं शकतें. तारापूर-बोईसरकडील कुटुंबवैद्यांनीं अशा रोग्यांचें वजन, कमरेचा घेर व तीन महिन्यांची सरासरी साखर यांची वही ठेवावी, आणि सभासदांनीं आपणहून तींत नांवें नोंदवावीं, अशी आमची सूचना आहे.