संगणकाच्या खोलीची चावी

दहावीचा निकाल लागला की जालन्यात गांधी चमनच्या आसपासच्या ऑनलाइनच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. झेरॉक्स, पॅन कार्ड, पीक विमा, सगळे फॉर्म भरून मिळतील, अशी पाटी. आत दोन संगणक, एक प्रिंटर. बाहेर बाकड्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका, आधार, टीसी आणि जातीचा दाखला घेऊन बसलेले बाप. २०२५पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. तोवर हे प्रकरण मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरतं होतं. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बसलं आणि नोंदणी पुढं ढकलावी लागली. गावाकडून एसटीनं आलेली माणसं तशीच परत गेली आणि पुन्हा आली.

अशाच एका दुकानात बदनापूरकडच्या गावातली एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. चांगले गुण होते, विज्ञान शाखा घ्यायची होती. दुकानातल्या पोरानं भराभर माहिती भरली आणि विचारलं, "काका, ओटीपी सांगा." काका म्हणाले, "मोबाइल पोराकडं हाय, त्यो कंपनीत गेलाय." मग दुकानातल्याच फोनवरून भावाला फोन झाला. भाऊ पाळीवर होता, उचलेना. अर्ध्या तासानं ओटीपी मिळाला तेव्हा जुना झाला होता, पुन्हा मागवावा लागला. नंतर कॉलेजांचे पसंतीक्रम आले. दहापर्यंत देता येतात. "पहिलं हे टाकलं, दुसरं कोणतं टाकू?" पोरगा विचारत होता आणि मुलगी मान वाकडी करून पडद्याकडं बघायचा प्रयत्न करत होती, कारण पडदा त्याच्याकडं वळलेला होता. कोणतं कॉलेज घरापासून किती लांब, एसटी कुठवर येते, तिथं विज्ञानाची अनुदानित तुकडी आहे की विनाअनुदानित, यातलं काही तिला स्वतः शोधता येत नव्हतं. सहावा-सातवा पसंतीक्रम त्या पोरानंच टाकला.

तिला विचारलं, शाळेत संगणक आहेत का? म्हणाली, "हायेत की. वेगळी खोली हाय." कधी हात लावलास? "एकदा झाडून घ्यायला नेलं होतं. पंधरा ऑगस्टच्या आधी."

त्या पोराला मी दोष देत नाही. रात्री दहापर्यंत बसून तो लोकांचे अर्ज भरतो आणि गावाकडच्या शेकडो घरांचं सरकारदरबारचं काम त्याच्यामुळं होतं. पण एका मुलीनं दहा वर्षं शाळा शिकावी, शाळेत संगणक असावेत आणि आयुष्यातला पहिला मोठा अर्ज तिला दुसऱ्याच्या हातानं भरावा लागावा, हे मला सहन होत नाही. संगणकानं शिक्षणाचं आणि नोकरीचं काय केलं, असा प्रश्न आपल्याकडं नेहमी मोघम विचारला जातो. जालन्यापुरतं माझं उत्तर स्पष्ट आहे. संगणक कचेरीत आला तो हुकूम, पैसा आणि प्रशिक्षण घेऊन आला. शाळेत आला तोही कचेरी म्हणूनच आला. वर्गात तो पोचलाच नाही.

कचेरीतला इतिहास आठवून बघा. बँकांमध्ये संगणक येणार म्हटल्यावर १९८०च्या दशकात संघटनांनी मोठा विरोध केला. नोकऱ्या जातील ही भीती खरी होती. १९८४मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीनं बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा मांडला. व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात करार झाले, कुठं किती यंत्रं बसवायची ते ठरलं, ती चालवणाऱ्यांना वेगळा भत्ता मिळाला. म्हणजे काउंटरवरच्या माणसाला यंत्रापुढं बसवताना कुणीतरी त्याच्या वतीनं भांडलं होतं.

सरकारी नोकरीतही तेच. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं, एमएस-सीआयटी सुरू झालं आणि राज्य सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांना संगणकाची परीक्षा सक्तीची केली. मुदतीत पास झाला नाहीत तर वेतनवाढ रोखू, असं सांगितलं आणि ती रोखलीही. पन्नाशीतले गुरुजी आणि कारकून उन्हाळ्याच्या सुट्टीत क्लासला बसले. त्रास झाला, तक्रारी झाल्या, पण शिकले. कामाच्या माणसाला संगणक आलाच पाहिजे, हे सरकारनं एकदा मनावर घेतलं आणि करून दाखवलं.

त्याचा फायदा आपण सगळेच घेतो. पूर्वी सातबारा हवा असला की तलाठ्याला गाठावं लागायचं. आज सज्जावर, उद्या तहसीलला, परवा साहेबांच्या दौऱ्यावर. कर्जाचा कागद बँकेत द्यायचा असेल तर एका सातबाऱ्यासाठी चार दिवसांची मजुरी बुडायची. २०१८मध्ये डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला आणि घरबसल्या, नाममात्र शुल्कात तो उतरवून घेता येऊ लागला. ज्यानं बाप-आजोबांना तलाठ्याच्या दारात ताटकळताना पाहिलंय त्याला हे किती मोठं आहे ते सांगायला नको. मोंढ्यात १ जुलै २०१७ला जीएसटी लागला आणि लाल कापडाच्या बांधणीच्या चोपड्यांचं राज्य संपलं. रोजमेळ आणि खतावणी तोंडपाठ असलेल्या जुन्या मुनीमजींच्या शेजारी टॅली येणारी पोरं बसू लागली. काही मुनीमजी शिकले, बरेच घरी बसले. सळ्या घेऊन एमआयडीसीतून निघणाऱ्या ट्रकला आता ई-वे बिल लागतं. बियाणं आणि पोलाद या जालन्याच्या दोन्ही धंद्यांत आज संगणक न येणाऱ्या पोराला गेटच्या आत हमाली सोडून फारसं काम नाही.

म्हणून शाळेचा प्रश्न जास्त टोचतो.

शाळांमध्ये संगणक आले नाहीत असं नाही. केंद्राची आयसीटी योजना २००४ची. महाराष्ट्रात ती टप्प्याटप्प्यानं राबवली गेली. खासगी कंपन्यांनी प्रयोगशाळा उभ्या करायच्या, पाच वर्षं चालवायच्या, कंत्राटी संगणक शिक्षक नेमायचे आणि मुदत संपली की सगळं शाळेच्या ताब्यात द्यायचं, असं तिचं स्वरूप. पाच वर्षं संपली तसे शिक्षक घरी गेले. त्यांनी आझाद मैदानावर आंदोलनं केली, आश्वासनं घेतली, परत आले. यंत्रं शाळेत राहिली, शिकवणारा राहिला नाही. मग हेडमास्तरांनी जे कुणीही केलं असतं तेच केलं. खोलीला कुलूप लावलं. महागाची वस्तू, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असलेली. चोरी झाली, माऊस तुटला तर उत्तर कोण देणार? यूपीएसच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत उतरल्या. बिल थकलं म्हणून वीज तोडली गेल्याच्या बातम्या तर जिल्ह्याजिल्ह्यांतून येत राहिल्या.

त्याच काळात संगणकानं शिक्षकाला मात्र घट्ट धरलं. २०१५मध्ये सरल आलं, प्रत्येक मुलाची माहिती ऑनलाइन भरा. यू-डायस आहेच. पगारासाठी शालार्थ. पोषण आहाराचा रोजचा आकडा. आधारची जुळणी. आता प्रत्येक मुलाचा अपार आयडी. आधारवर नाव एक, दाखल्यावर एक, बापाच्या नावात एक काना जास्त, की पोर्टल नोंद स्वीकारत नाही आणि वरून विचारणा होते, टक्केवारी कमी का? दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःचा डेटा घालून, व्हरांड्यात जिथं रेंज मिळते तिथं उभा राहून हे भरत असतो, आणि दुसरा चार वर्ग एकत्र बसवून सांभाळत असतो. मुलांच्या नावानं सगळी माहिती संगणकात गेली. मुलं बाहेर राहिली.

याला सणसणीत अपवाद आहेत. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकानं आदिवासी पाड्यावर डिजिटल वर्ग उभा केला आणि राज्यभरातले शिक्षक तो बघायला गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड लावले. पुढं राज्यानं ती कल्पना उचलली आणि २०२०मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. आपल्या भागातही लोकवर्गणीतून टीव्ही आणि प्रोजेक्टर घेतलेल्या शाळा आहेत. पण यातलं बहुतेक काम एकेका माणसाच्या जिवावर उभं आहे. त्याची बदली झाली की टीव्हीवर कापड पडतं. आणि एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. भिंतीवरचा पडदा बघणं हे बघणंच आहे. चाळीस मुलं बघतात, हात गुरुजींचा चालतो.

हाताला यंत्र मिळण्याचं काय मोल असतं, हे जुन्या जालन्यातल्या माझ्या पिढीला टायपिंगच्या क्लासनं शिकवलं. वर पत्रे, खाली ओळीनं रेमिंग्टन आणि गोदरेजची यंत्रं, रिबनचा वास, आणि एका वेळी वीसजण बडवत असल्यानं शेजारच्याचं बोलणं ऐकू न येणारा आवाज. महिन्याची फी भरली की रोज एक तास एक यंत्र तुमचं. त्या तासात त्याला दुसरा कुणी हात लावायचा नाही. सर मागून फिरायचे, करंगळी वापरत नाही म्हणून बोटावर पट्टी मारायचे. मराठी तीस, इंग्रजी चाळीस शब्दांची परीक्षा पास झाली की कचेरी, कोर्ट, जिल्हा परिषद अशी दारं उघडायची. १९८१मध्ये जालना स्वतंत्र जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या निघाल्या आणि त्यांतल्या कितीतरी खुर्च्यांवर या क्लासमधून निघालेली मुलं बसली. मुलीही बसल्या. ज्या घरात मुलीला कॉलेजला पाठवत नव्हते, तिथून ती टायपिंगला यायची, कारण तास ठरलेला, रस्ता ठरलेला आणि शेजारी दुसरी मुलगी. गोदरेजनं २००९मध्ये टाइपरायटर बनवणं थांबवलं, सरकारी परीक्षाही संगणकावर गेली आणि त्यात वाईट काही नाही. पण तो हक्काचा एक तास गेला, त्याच्या जागी शाळेनं काही दिलं नाही.

मुलींचं नुकसान यात जास्त आहे. ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींवरचा २०२३चा 'असर' अहवाल सांगतो की नव्वद टक्क्यांच्या आसपास घरांत स्मार्टफोन आहे. पण फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. करोनात शाळा बंद होत्या तेव्हा हे आपण डोळ्यांनी पाहिलं. फोन एक, तो भावाच्या हातात. त्या वेळी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका आली ती अशा घरांचा आधार ठरली, कारण टीव्हीला पासवर्ड नसतो.

आणि परीक्षा? अभियांत्रिकीची एमएचटी-सीईटी २०१९पासून संगणकावर होते. जेईई मेनही तशीच. २०२३च्या तलाठी भरतीला दहा लाखांवर अर्ज आले, ती संगणकावर झाली, खुल्या प्रवर्गाला हजार रुपये शुल्क होतं. जन्मभर कागदावर लिहिलेल्या मुलाची परीक्षा आपण पडद्यावर घेतो आणि त्यासाठी त्याला दुसऱ्या गावच्या केंद्रावर पाठवतो. सकाळच्या गाडीनं जालना स्टेशनवरून संभाजीनगरला निघालेल्या या पोरांना विचारा. गणित येत असतं, वेळ जातो तो मागच्या प्रश्नावर कसं जायचं यात. कळ चुकीची दाबली तर पेपर बंद पडेल, ही धाकधूक वेगळीच. शहरातल्या मुलानं घरच्या लॅपटॉपवर पन्नास सराव परीक्षा दिलेल्या असतात. एकाच पेपरला दोघं बसतात आणि आपण त्याला समान संधी म्हणतो. २०११च्या जनगणनेत साक्षरतेत राज्यात तळाच्या जिल्ह्यांत मोजल्या गेलेल्या जालन्याला हा अन्याय परवडणारा नाही.

आता एआयची भाषा सुरू झाली आहे. ती जरूर बोलावी. पण ज्या शाळेत माऊस धरायला मिळत नाही तिथं एआयचा धडा पुस्तकातच राहील आणि मुलं तो पाठ करतील.

सरकारकडून हवं आहे ते साधं आहे. दर मोठ्या शाळेत कायम नेमणुकीचा संगणक शिक्षक, माहिती भरायला केंद्रस्तरावर वेगळा कर्मचारी, आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी थोडा पैसा. हे मागत राहू. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, समितीत निम्म्या महिला असल्या पाहिजेत. तिथं बसणाऱ्या आयांना आणि बापांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत हेडमास्तरांकडं संगणकाच्या खोलीची चावी मागा. खोली उघडून बघा, चालू यंत्रं किती आणि बंद किती ते मोजा आणि ठरावात लिहा. काही तुटलं तर हेडमास्तरांवर येणार नाही, जबाबदारी समितीची, असंही त्याच ठरावात लिहा, म्हणजे त्यांनाही कुलूप काढताना भीती वाटणार नाही. मग आठवड्यातून प्रत्येक मुलाला एक तास मिळेल असं वेळापत्रक भिंतीवर लावा, आणि त्यात मुलींची नावं आधी घाला. शिकवायला माणूस नसेल तर जुन्या जालन्यात बँकेतून, कचेरीतून, शाळेतून निवृत्त झालेली, वेतनवाढ रोखली जाण्याच्या धाकानं का होईना संगणक शिकलेली कितीतरी माणसं आहेत. त्यांनी शनिवारची सकाळ द्यावी. जे तयार असतील त्यांनी या सदराच्या पत्त्यावर कळवावं, कोणत्या शाळेला गरज आहे ते मी सांगेन.