हे चित्र कशाचे?

चित्रकलेचा विषय निघाला की आम्हां वाशिमकरांचे मन आपोआप वत्सगुल्माकडे, म्हणजे प्राचीन वाशिमाकडे, धावते. येथून राज्य करणाऱ्या हरिषेण वाकाटकाच्या वराहदेव नामक अमात्याने अजिंठ्याचे १६ वे लेणे कोरविले, हे एकदा सांगून टाकले की कलेविषयीचे आपले कर्तव्य संपले, अशी आपली समजूत आहे. परंतु पंधरा शतकांपूर्वीच्या आश्रयदात्याचा अभिमान मिरविणाऱ्या या मुलखात, गेल्या शतकातील आपल्याच जिल्ह्याच्या चित्रकाराचे नाव घेताच समोरच्याने कोरा चेहरा करावा, ही गोष्ट मला दर वेळी खटकते.

‘आपल्याच जिल्ह्याच्या’ हे शब्द मी जाणूनबुजून योजिले आहेत. अंबादास खोब्रागडे यांचा जन्म १९२२ साली अकोल्यास झाला. आणि १९०५ मध्ये मोडलेला जुना वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र होईपर्यंत, महसुली दप्तरात अकोला व वाशिम ही एकाच जिल्ह्याची ठिकाणे होती.

हा वऱ्हाडी तरुण प्रथम अहमदाबादेस रविशंकर रावळ यांच्याकडे शिकला व पुढे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल होऊन १९५२ साली तेथून बाहेर पडला. चरितार्थासाठी त्याने विणकर सेवा केंद्रात हातमागाच्या नक्षीकामाची नोकरी पत्करली. कापूस पिकविणाऱ्या मुलखातील माणसाच्या वाट्याला कापडाचीच चाकरी यावी, हा योगायोग मोठा मौजेचा खरा. चित्रांवर मात्र त्याने आडनाव कधी मिरविले नाही. कलाजगतात तो केवळ ‘अंबादास’ राहिला.

१९६२ साली भावनगर येथे ज्या घरी बारा कलावंत जमले, त्या घराचा क्रमांकच त्यांनी आपल्या मंडळास नाव म्हणून दिला. जगदीश स्वामिनाथन, जेराम पटेल, हिम्मत शाह, गुलाम मोहम्मद शेख यांच्यासमवेत अंबादास या ‘ग्रुप १८९०’चे संस्थापक सभासद होते. रविवर्म्याची हुबेहूब नक्कल नको, वंगीय शैलीचा भाबडा आदर्शवाद नको आणि युरोपीय आधुनिकतेची उसनवारीही नको, असा त्यांचा खडा जाहीरनामा होता. १९६३ च्या ऑक्टोबरात दिल्लीस भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले आणि त्याच्या पुस्तिकेस मेक्सिकोचे कवी व राजदूत ऑक्टाव्हियो पाझ यांनी प्रस्तावना लिहिली. ते मंडळाचे पहिले आणि शेवटचेच प्रदर्शन ठरले.

मंडळ विरले, परंतु अंबादासांनी आपला मार्ग सोडला नाही. त्यांच्या चित्रात ना मनुष्य आहे, ना झाड, ना देऊळ. पातळ तैलरंगाने माखलेला कुंचला वळतो, दुमडतो, पुन्हा स्वतःवर येतो, आणि झाडाची साल, पिसे अथवा वाहते पाणी यांचा नुसता भास निर्माण करून, त्यांपैकी कशाचेही नाव न घेता पुढे सरकतो. १९७२ च्या सुमारास ते नॉर्वेस गेले, परंतु देश बदलला म्हणून कुंचल्याची चाल बदलली नाही. चाळीस वर्षे तेथे चित्रे काढून २०१२ साली त्यांनी ऑस्लोतच देह ठेविला.

असे चित्र पाहताच आपण विचारतो, ‘हे कशाचे?’ या प्रश्नात दोष पाहणाऱ्याचा कमी, त्याच्या शिक्षणाचा अधिक. कारण एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांस बसणारी आपली मुले वस्तुचित्र, स्मरणचित्र व संकल्पचित्र इमानेइतबारे गिरवितात, परंतु मुकाट्याने चित्र पाहावे कसे, हे त्यांस शिकविले जात नाही. शेतात उभे राहून आभाळाचा रंग वाचणारा आपला शेतकरी कोणाला ‘हे आभाळ कशाचे?’ असे कधी विचारीत नाही. तो पाहतो, आणि पाहता पाहता त्याला उमगते. नेमके तेवढेच अंबादास मागतात.

तेव्हा जिल्ह्यातील चित्रकला शिक्षकांस विनंती एवढीच की, वर्षातून एक तास कागद-पेन्सिल बाजूस ठेवावी, अंबादासांच्या एखाद्या चित्राची प्रतिकृती भिंतीवर लावावी, आणि पहिली दहा मिनिटे कोणासही बोलू देऊ नये.

— वत्सगुल्मवासी